मदत हवी आहे: लाल धाग्याचा रंग पांढऱ्या कापडावर पसरलाय

पांढऱ्या सुती कापडावर भरतकाम पूर्ण झालं, नक्षी काढायच्या, पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाच्या खुणा घालवायला पाण्यात टाकलं तर लाल सुती धाग्याने रंग सोडला. सॅटिन टाक्याच्या पाकळ्यांभोवती गुलाबी कडा आल्यात, मागच्या गाठींपाशी तर चांगलाच डाग आहे. अजून वाळू दिलेलं नाही, इस्त्रीही नाही, ओलंच ठेवलंय. बर्फाच्या पाण्यात भिजवून पाणी बदलत राहिले, आधी पाणी लालसर यायचं, आता स्वच्छ येतंय पण कडा तशाच. कलर कॅचरचा कागद (पाण्यात सुटलेला रंग शोषून घेतो तो) पण टाकून बघितला, तो जरासा गुलाबी झाला इतकंच.

ब्लीच सांगू नका प्लीज, बाजूला हिरवा रेशमी धागा आणि थोडी जर (जरीचा धागा) आहे.

कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड घालून रात्रभर ठेवतात असं ऐकलंय, पण निळ्या खुणा काही ठिकाणी अजून अंधुक दिसतायत आणि गरम पाण्याने किंवा साबणाने त्या कायमच्या बसतात म्हणे (काय त्रास आहे!). मग आधी गार पाण्यानेच निळं पूर्ण घालवू की तोवर लाल पक्कं होईल? आणि कोमट म्हणजे नक्की किती, रेशीम आणि जर सहन करेल एवढं?