वयाचं दुखणं म्हणून सोडू नका

तुम्ही लिहिलंय, आईंना ६८व्या वर्षी आमवात (रुमॅटॉइड आर्थरायटिस) निघाला, पण सांध्यांची सोनोग्राफी ‘या वयात कशाला’ म्हणून राहून गेली. कृपया करून घ्या. तरुणपणी हा आजार बहुधा बोटांच्या सांध्यांपासून, मनगटापासून सुरू होतो. साठीनंतर सुरू झाला, तर तो पुष्कळदा खांद्यात शिरतो, तोही अचानक. म्हणून हातांबरोबर खांदेही बघायला सांगा.

माझ्या आत्याच्या मनगटावर जेल लावून प्रोब (सोनोग्राफी यंत्राचा हातात धरायचा भाग) टेकवला, डॉप्लर म्हणजे रक्तप्रवाह रंगात दाखवणारी सोय चालू केली, तर सांध्याच्या सुजलेल्या अस्तरात लाल-केशरी ठिपके लुकलुकत होते. वाढलेला रक्तप्रवाह तो, दाह चालू असल्याची खूण. प्रोब जोरात दाबला की हे ठिपके पुसले जातात, हलका हात हवा. उतारवयात सांध्यांची झीज आणि आमवात एकत्रही असतात, त्यामुळे रिपोर्ट संधिवाततज्ज्ञांनाच दाखवा.