रोजच्या वापराला घडीचा चाकू कोणता घ्यावा? (सोलापूर, दुसरी पाळी, बजेट दोन हजार)

टॉवेल_पॅकिंग

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या पॅकिंगवर काम आहे. सुतळी, गाठींना बांधायची प्लास्टिकची पट्टी, बारदान, पुठ्ठ्याचे खोके, सगळं दिवसभर कापावं लागतं. पेपर कटरचं पातं पट्टीवर टिकत नाही, म्हणून एक भरवशाचा घडीचा चाकू घ्यायचा आहे. पाळी रात्री बाराला सुटते, दुचाकीवर एकट्याने यायचं असतं. त्यामुळे वेळप्रसंगी स्वसंरक्षणालाही तोच कामी यावा असं वाटतं.

पातं किती लांब हवं? लॉकचा घ्यावा की बिनलॉकचा? ऑनलाइन "४४० स्टेनलेस, टॅक्टिकल" असं लिहिलेले तीन-चारशेचे चाकू दिसतात, ते घ्यावेत का? आणि खिशात सापडला तर पोलीस काय म्हणतील?

साण_आणि_धार

आधी लॉकचं बघू. जोर लावलेला असताना पातं बोटांवर मिटणं, याच्याइतका वाईट अपघात घडीच्या चाकूत दुसरा नाही.

बिनलॉकच्या चाकूत पाठीमागची स्प्रिंग पात्याला नुसती दाबून धरते. व्हिक्टोरिनॉक्सचे ९१ मिमीचे नेहमीचे लाल चाकू या जातीचे. सुतळी स्वतःकडे ओढून कापायला ते उत्तम, कारण त्यात जोर धारेवर येतो आणि पातं उघडंच राहतं. पण खोक्यात टोक खुपसलं की जोर उलटा येतो आणि पातं मिटायला बघतं. तुमचं काम खोक्यांचं आहे, तेव्हा लॉकचा घ्या.

लॉकचे तीन प्रकार सहज मिळतात. बॅकलॉकमध्ये मुठीच्या पाठीवरची पट्टी दाबून पातं सोडवायचं. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी पात्याच्या बुडाखाली सरकते. तिसरा ओपिनेल या फ्रेंच कंपनीच्या चाकूंचा, त्यात पात्याच्या बुडाशी फिरवायची कडी असते. कडी फिरवली की पातं पक्कं. यंत्रणा अगदी साधी आहे, म्हणून बिघडायला फारसं काही नाही. फक्त कडी दर वेळी फिरवावी लागते, आणि घाईत विसरली तर तो चाकू बिनलॉकचाच झाला.

दुकानात हातात घेतलात की एवढं तपासा. पातं उघडून टोक चिमटीत धरा आणि डावीकडे-उजवीकडे हलवा. किंचित खेळ असेल तर मधला स्क्रू आठवा हिस्सा फिरवून तो निघतो. मग वर-खाली हलवा. इथे खेळ जाणवला तर चाकू परत ठेवा. तो खेळ लॉकचा असतो, स्क्रूने जात नाही, आणि वापराने वाढतच जातो.

लायनर लॉक असेल तर मुठीच्या फटीतून आत बघा. पत्र्याची पट्टी पात्याच्या बुडाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत पोचलेली हवी. नुसत्या कडेला टेकली असेल तर धक्क्याने निसटते. नवीन चाकूतच पलीकडच्या बाजूला जाऊन भिडली असेल तर झिजायला जागाच उरलेली नाही. शेवटी, बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून मूठ फक्त बाजूंनी धरा आणि पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर हळूहळू दाबा, तीन-चार किलो वजन पडेल इतपत. लॉकने किट्ट आवाज केला किंवा पातं हललं, तर तो चाकू नको.

लांबी ७ ते ८ सेंमी पुरे. पुठ्ठ्याला त्याहून लांब पातं लागत नाही, लांब पातं आतल्या टॉवेललाही लागतं. दातेरी धार घेऊ नका. ती नायलॉनच्या दोरीला चांगली, पण घरच्या दगडावर तिला धार लावता येत नाही.

कलम_वाचक

कायद्याचं सांगतो, कारण यात अर्धवट माहिती फार फिरते.

"नऊ इंचांपर्यंत चालतं" असं ऐकलं असेल. शस्त्र नियमांच्या यादीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारं आहेत, आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत, हे खरं. पण त्याचा अर्थ त्याहून लहान चाकू कुठेही, कसाही बाळगायला मोकळीक, असा होत नाही.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम ३७ वाचा. सण, मोर्चे, निवडणुका, तणाव अशा काळात पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी शस्त्रं, काठ्या, चाकू बाळगायला बंदी घालू शकतात. चाकू हा शब्द कलमातच आहे, लांबीचा उल्लेख नाही. आदेश मोडला तर कलम १३५ खाली शिक्षा. सोलापूर शहराला पोलीस आयुक्तालय आहे, म्हणजे शहरात आयुक्तांचा आदेश आणि बाहेर ग्रामीण हद्दीत जिल्हाधिकाऱ्यांचा. गड्ड्याची यात्रा, गणपती, जयंत्यांच्या मिरवणुका, या दिवसांत आदेश लागू आहे का ते आधी बघा. वर्तमानपत्रात येतो.

दुसरं, कलम १२२. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात गुन्ह्याच्या इराद्याने घातक हत्यार घेऊन सापडणं हा त्यातला गुन्हा. इराद्याचा निष्कर्ष परिस्थितीवरून काढला जातो. रात्री साडेबाराला नाकाबंदीत चाकू कमरेला खोचलेला दिसला आणि तुम्ही "स्वसंरक्षणासाठी ठेवलाय" म्हणालात, तर माणसावर वापरायची तयारी होती हे तुम्हीच सांगितलंत. तोच चाकू डब्याच्या पिशवीत, टेपचं रीळ, मार्कर आणि कारखान्याच्या ओळखपत्राशेजारी असेल तर ते कामाचं अवजार आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. त्याहून बरं म्हणजे चाकू कारखान्यातच लॉकरमध्ये ठेवा.

बटण दाबलं की उघडणारा खटक्याचा चाकू, रामपुरीसारखा लांब, टोकदार, काळ्या पात्याचा "टॅक्टिकल" प्रकार, हे घेऊच नका. कोर्ट, जिल्हाधिकारी कार्यालय इथे दारातच अडवतील. विमानात केबिनच्या बॅगेत चालत नाही.

टॉवेल_पॅकिंग

दोघांचे आभार. म्हणजे स्वसंरक्षणासाठी चाकू नकोच का? रस्त्यात अंधार असतो, कुत्री मागे लागतात, मोबाईल हिसकावणारेही असतात.

कलम_वाचक

स्वसंरक्षणाचा हक्क आहे. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं त्यावरच आहेत. पण बचावापुरता जेवढा लागतो त्याहून जास्त अपाय करायचा नाही, ही मर्यादा याच संहितेच्या कलम ३७ मध्ये स्पष्ट आहे. समोरचा मोबाईल हिसकावून पळत सुटला आणि तुम्ही पाठीमागून चाकू मारलात, तर तो बचाव राहिला नाही. धारदार हत्याराने दुखापत करण्याला कलम ११८ आहे, आणि तिथे आरोपी तुम्ही असाल.

साण_आणि_धार

कायदा बाजूला ठेवला तरी घडीचा चाकू या कामाला कच्चा आहे. हेल्मेट डोक्यावर, एक हात हँडलवर, चाकू खिशाच्या तळाशी. तो काढायचा, नखाने किंवा अंगठ्याने पातं उघडायचं, लॉक बसलं की नाही बघायचं, आणि तेवढ्यात समोरचा दोन पावलांवर आलेला असतो. घाबरल्यावर बोटांची बारीक कामं आधी बिघडतात, साधी किल्लीही कुलपात जात नाही. घडीच्या बहुतेक चाकूंना मूठ आणि पातं यांच्यामध्ये आडवी अटक नसते. घामेजलेल्या हाताने जोर लावला की हात पुढे घसरून आपलीच तर्जनी धारेवर जाते. आणि झटापटीत चाकू कुणाच्या हातात जाईल हे सांगता येत नाही.

दादा, तेच पैसे एका चांगल्या टॉर्चवर घाला. हातभर लांब नको, मुठीत मावणारी, मागच्या टोकाला बटण असलेली, तीनशे ल्युमेनच्या पुढची. अंधारात डोळ्यांवर झोत पडला की समोरच्याला क्षणभर काही दिसत नाही, तुम्हाला गाडी वळवायला वेळ मिळतो, आणि टॉर्च बाळगली म्हणून कुणी अडवत नाही. हेल्मेटच्या पट्ट्याला शिट्टी बांधा. मिरीचा स्प्रे घेणार असाल तर डब्यावरची मुदत बघा, दोन-तीन मीटरच्या पलीकडे त्याचा भरवसा धरू नका, आणि वारा तोंडावर येत असताना मारू नका, तो तुमच्याच डोळ्यांत येईल. फोनमध्ये ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर आधीच साठवून ठेवा.

कुत्र्यांना चाकूचा काही उपयोग नाही. गाडीचा वेग वाढवला की ती आणखी मागे लागतात, आणि तुमचं लक्ष मागे गेलं की गाडी खड्ड्यात. वेग कमी करा, पाय टाकीला चिकटवून ठेवा, सरळ जात राहा.

जॉबर_मिस्त्री

कारखान्यात वापरणार म्हणून एक गोष्ट ठळक सांगतो, ती वर कुणी लिहिली नाही. आपल्याकडच्या चाकूचा खरा शत्रू सुताची लव. टॉवेलच्या खात्यात ती हवेत तरंगत असते. तेल लावलेल्या सांध्यात शिरते, तेलात मिसळून करडा लगदा होतो आणि तो लॉकच्या खाचेत दाबून बसतो. वरून काही दिसत नाही. लॉक बसल्याचा आवाजही येतो, पण पट्टी पूर्ण खाली गेलेली नसते. मग खोक्यावर जोर दिला की पातं मिटतं. बॅकलॉकमध्ये हा त्रास जास्त, कारण खाच मुठीच्या आत बंद असते. लायनर लॉक उघडा असतो, फुंकरेने आणि ब्रशने साफ होतो. म्हणून लव उडणाऱ्या खात्यात मी लायनर लॉक किंवा ओपिनेलची कडी सुचवीन.

आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात साबण टाकून जुन्या टूथब्रशने सांधा घासा, टूथपिकने खाच उकरा, कापडाने पुसून उन्हात दहा मिनिटं पातं उघडं ठेवा. मग सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. पातं दहा वेळा उघड-मीट करून वर आलेलं तेल पुसून टाका. जास्त तेल म्हणजे जास्त लव. खोबरेल किंवा शेंगतेल घालू नका, काही दिवसांनी ते चिकट होतं आणि पातं अर्ध्यात अडकतं.

आणि टॉवेलचे सुटे धागे चाकूने ओढून कापू नका, फास निघतो. त्याला धागा कापायची छोटी कैचीच हवी.

साण_आणि_धार

लवेचा मुद्दा अगदी बरोबर. आता पोलादाचं राहिलं.

"४४०" नुसतं लिहिलं असेल तर त्याला अर्थ नाही. ४४०ए, ४४०बी, ४४०सी हे तीन वेगळे प्रकार आहेत, आणि स्वस्त चाकूवर तो आकडा नुसता शोभेला छापलेला असतो. पोलाद कुठलंही असो, त्याला पाणी नीट दिलेलं नसेल (म्हणजे तापवून, विझवून नीट कडक केलेलं नसेल) तर धार दुपारपर्यंतच टिकते. पुठ्ठा मऊ वाटतो, पण त्यात धूळ आणि खनिजाचे कण असतात, धार खायला तो लाकडापेक्षा वाईट. तुमच्या बजेटात ८सीआर१३एमओव्ही हे चिनी पोलाद किंवा ओपिनेलचं १२सी२७ बघा. दोन्ही स्टेनलेस, दोन्हींना घरच्या दगडावर धार येते. ओपिनेलचं कार्बन पोलादही मिळतं, धार सुंदर लागते, पण उन्हाळ्यात खिशातल्या घामाने त्यावर चार दिवसांत तांबडे ठिपके येतात. तुम्ही "इनॉक्स" (म्हणजे स्टेनलेस) लिहिलेलाच घ्या. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंमी, सात नंबरचं थोडं लहान.

धार लावायला एका बाजूला ४०० आणि दुसऱ्या बाजूला १००० नंबर असलेला दगड पुरे. कोन २० अंशांच्या आसपास. मोजायची सोपी रीत: पातं २० मिमी रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून ७ मिमी वर उचला आणि तीच उंची शेवटपर्यंत राखा. एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला धारेला नखाने अडेल अशी बारीक बर (घासताना वळलेली धातूची कड) येईपर्यंत. ती बुडापासून टोकापर्यंत सलग जाणवली पाहिजे. मग पातं उलटा. बहुतेकांची धार लागत नाही ती बर यायच्या आधीच बाजू बदलल्यामुळे. शेवटी १००० वर हलक्या हाताने दोन्ही बाजूंना आठ-दहा हात, आणि चामड्याच्या पट्ट्यावर पाठीच्या दिशेने ओढून बर काढून टाका. वर्तमानपत्राचा कागद न फाडता कापला गेला की झालं.

दारावर येणाऱ्या चाकावर देऊ नका. कोरड्या चाकाने पातळ धार तापते, निळी झाक आली की तिथलं पाणी उतरलं, मग कितीही घासा, तेवढा तुकडा मऊच राहणार.

टॉवेल_पॅकिंग

ठरलं. लायनर लॉकचा साडेसात सेंमीचा घेतो, तो लॉकरमध्येच राहील. रस्त्यासाठी टॉर्च. एक शेवटचं, ओपिनेलची लाकडी मूठ पावसाळ्यात फुगते म्हणतात, ते खरं का? घरी फळं कापायला तो घ्यावा असं वाटतंय.

साण_आणि_धार

खरं आहे. बीचचं लाकूड ओलं झालं की फुगतं आणि पातं मुठीत घट्ट बसतं. नखाने ओढत बसू नका, नख मोडतं. कडी मोकळी करा, मूठ हातात धरून तिचं मागचं टोक टेबलावर एकदा ठोका. पातं दोन-तीन मिमी वर येतं, मग बोटांनी सहज उघडतं. धुतल्यावर पाण्यात बुडवून ठेवू नका आणि मिटण्याआधी फट आतून कोरडी करा, म्हणजे हा त्रास क्वचितच होईल.