मदत हवी आहे: केंड (अंग फुगवणारा पफर फिश) माशाच्या विषबाधेचा संशय, नमुने कसे राखावेत?

निवासी डॉक्टर, न्यायवैद्यक, पुणे
मासे खाल्ल्यावर अर्ध्या तासात ओठ-जीभ बधिर, मग हातपाय लुळे, शुद्ध शाबूत असतानाच श्वास मंदावून मृत्यू. असा इतिहास असेल तर जठर, यकृत, मूत्रपिंड नेहमीसारखं संपृक्त मिठाच्या पाण्यात पाठवलं तर पुरे का? 'विष आढळले नाही' असा अहवाल आला, तर?

रासायनिक विश्लेषक
त्या अहवालावर केंड बाद करू नका. यातलं विष टेट्रोडोटॉक्सिन. अवयवांतून विष वेगळं काढायच्या नेहमीच्या स्टास-ओटो पद्धतीत अर्क इथर-क्लोरोफॉर्ममध्ये ओढतात. हे विष तिकडे जातच नाही, पाण्याच्या थरात राहतं, आणि तो थर बेसिनमध्ये ओतला जातो. शिवाय त्यात अल्कली पडली की हे विष मोडतं. म्हणून पत्रात नाव घालून लिहा: 'टेट्रोडोटॉक्सिनसाठी एलसी-एमएस/एमएस' (घटक वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रावरची चाचणी).

सर्वांत मोलाची लघवी. मूत्राशयातून सुईने थेट ओढा, मिळेल तेवढी, काही न मिसळता उणे २० अंशांवर. यकृताचा ५० ग्रॅमचा तुकडा बिनमिठाचा वेगळा गोठवा. मीठ यंत्रात विषाचा सिग्नल दाबतं. फॉर्मालिन अजिबात नको.

मत्स्य-अभ्यासक
उरलेलं कालवण सोडू नका, शिजवल्याने हे विष जात नाही. रस्सा आणि एक तुकडा गोठवा, दुसरा तुकडा डीएनएसाठी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये. शिजलेल्या मांसात डीएनए तुटलेला असतो, तेव्हा लहान तुकड्यांवर चालणारी चाचणी मागा. कचऱ्याची पिशवीही उपसा. डोकं मिळालं तर जबडा बघा: पोपटासारखी चोच, वर दोन आणि खाली दोन दातांच्या पट्ट्या, मधोमध चीर. मासा गणेश पेठेतून आणला की कोकणातून कुणी बर्फात घालून पाठवला, हे पंचनाम्यात हवंच.

अंग लाल होणं, खाज, पुरळ असेल तर मात्र बिघडलेल्या बांगडा-कुप्यात तयार होणारं हिस्टामिन (ॲलर्जीसारखी लक्षणं आणणारं रसायन) आधी तपासा.

निवासी डॉक्टर
आभारी आहे. रुग्ण तीन दिवस व्हेंटिलेटरवर राहून मग दगावला असेल तर?

रासायनिक विश्लेषक
मग शवातल्या रक्तावर भिस्त ठेवू नका, साधारण २४ तासांनंतर रक्तात ते सापडणं कठीण. लघवीत चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत मिळू शकतं. त्याआधी एक फोन करा: दाखल करतानाचं रक्त, लघवी, उलटी रुग्णालयाच्या फ्रिजमध्ये अजून असेल तर तिथेच थांबवा. असे नमुने थोड्याच दिवसांत टाकून देतात. ताब्यात घेताना सील आणि वेळेची नोंद करा, नाहीतर कोर्टात तो नमुना टिकत नाही.