पॉप्युलिझम म्हणजे लोकानुनय की अजून काही? आणि अतिउजवे एवढे वर आले कसे?

खोडरबर:
पेपरात पॉप्युलिझमला कधी लोकानुनय म्हणतात कधी लोकरंजनवाद, त्यामुळे माझ्या डोक्यात इतके दिवस त्याचा अर्थ निवडणुकीआधीचं फुकट वाटप असाच होता. मग फ्रान्सच्या ल पेन, हंगेरीचे ऑर्बान, इटलीच्या मेलोनी, नेदरलँड्सचे विल्डर्स या अतिउजव्या नेत्यांना त्याच माळेत का ओवतात ते कळेना. आणि मेलोनींच्या पक्षाला २०१८ मधे ४ टक्क्यांच्या आसपास मतं होती, २०२२ मधे २६ टक्के, हे होतं कशामुळे? २००८ ची मंदी एवढंच कारण? जाणकारांनी लिहा.

काठावरचा:
दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॉप्युलिझम ही बोलायची एक तऱ्हा, इकडे साधी खरी जनता, तिकडे तिला फसवणारे वरचे लोक, आणि जनतेच्या मनातलं फक्त आम्हाला कळतं. डावेही हेच बोलतात, ग्रीसचा सिरिझा २०१५ ला असाच निवडून आला. शब्दाचं मूळ तर १८९० च्या दशकातल्या अमेरिकेच्या पीपल्स पार्टीत, मुख्यतः शेतकऱ्यांचा पक्ष, मागण्या काय तर श्रीमंतांना जास्त दराने आयकर आणि सिनेटर थेट लोकांनी निवडावेत. अतिउजवे 'जनता' या शब्दातून आधी कोणाकोणाला तरी वगळतात, स्थलांतरित, अल्पसंख्य वगैरे, मग वरच्यांशी भांडतात. वाटप जोडीला असू शकतं, पोलंडमधे पीआयएस या उजव्या पक्षाने २०१६ ला दुसऱ्या मुलापासून दर मुलामागे महिना ५०० झ्लोटी सुरू केले, पण नुसतं वाटप म्हणजे पॉप्युलिझम नाही.

तिरकी रेघ:
+१. पण मंदीवर सगळं ढकलू नका राव. २००९ मधे युरोपियन युनियनमधे एकट्या पोलंडची अर्थव्यवस्था आकसली नव्हती आणि २०१५ ला तिथेच पीआयएसला स्वबळावर बहुमत. उलट स्पेनमधे २०१३ ला बेकारी २६ टक्क्यांच्या घरात, तरी व्हॉक्स हा अतिउजवा पक्ष तिथल्या संसदेत आला २०१९ ला, कॅटलोनिया प्रांताचा वेगळं होण्यावरून राडा झाल्यावर. जर्मनीचा अतिउजवा पक्ष एएफडी तर २०१३ मधे युरोवर चिडलेल्या अर्थशास्त्राच्या प्रोफेसर लोकांनी काढला, संसदेत जायला लागणारी ५ टक्के मतांची अटही पार झाली नाही. ते संस्थापक प्रोफेसर ल्युके २०१५ ला पक्षांतर्गत निवडणूक हरून बाहेर पडले, त्याच वर्षी निर्वासितांचा लोंढा आला, मग २०१७ ला १२.६ टक्के आणि २०२५ ला २०.८. पैशापेक्षा ओळख आणि सीमा हेच जास्त चालतंय.

मधली_वेलांटी:
सगळे मतदाराकडेच बघताय, दार आतून कोण उघडतं ते बघा. स्वीडन डेमोक्रॅट्स हा तिथला अतिउजवा पक्ष, ते २०१० ला ५.७ टक्क्यांवर संसदेत आले तेव्हा बाकीचे त्यांच्याशी बोलायलाही तयार नव्हते, २०२२ ला २०.५ टक्के आणि सरकार त्यांच्याच पाठिंब्यावर उभं. हंगेरीत तर गंमतच, ऑर्बानने २०१४ ला साधारण ४५ टक्के मतांवर दोन तृतीयांश जागा घेतल्या, कारण निवडणुकीचे नियम आधीच्या टर्ममधे त्यांनीच बदलून ठेवलेले. फ्रान्समधे राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत २००२ ला ल पेन बापाला दुसऱ्या फेरीत १८ टक्के, २०२२ ला मुलीला ४१. मधल्या काळात जुन्या पक्षांनी अतिउजव्यांचीच भाषा उचलली, मग लोक म्हणतात ओरिजिनल असताना झेरॉक्स कशाला?

काठावरचा:
झेरॉक्सवाला मुद्दा पूर्ण पटत नाही. डेन्मार्कमधे सोशल डेमोक्रॅट्स या जुन्या डावीकडच्या पक्षाने स्थलांतराबाबत कडक लाइन घेतली आणि तिथली अतिउजवी डॅनिश पीपल्स पार्टी २०१५ च्या २१ टक्क्यांवरून २०१९ ला ८.७ आणि २०२२ ला २.६ वर आली. झेरॉक्सच चालली की तिथे.

खोडरबर:
धन्यवाद सगळ्यांना, लोकानुनय हा शब्द आता मी तरी या अर्थाने वापरणार नाही. पण डेन्मार्कचं वाचून अजून गोंधळ झाला, धोरण त्यांचंच राबवलं गेलं आणि पक्ष मात्र आपटला, मग हरलं कोण?

मधली_वेलांटी:
पक्ष आपटला, पण त्यांची मतं कुठे गेली तेही बघा. त्याच २०२२ मधे इंगर स्टॉयबर्ग यांच्या कोऱ्या नव्या पक्षाला ८ टक्के मिळाले. ह्या बाई आधी स्थलांतर खात्याच्या मंत्री होत्या, आश्रय मागायला आलेल्या जोडप्यांना बेकायदा वेगळं ठेवायला लावलं म्हणून २०२१ ला त्यांना ६० दिवसांची शिक्षा झाली. ती भोगली आणि पुढच्याच वर्षी पक्ष काढला.