मदत हवी आहे: रणगाड्याच्या मॉडेलवर पांढरट साय आली आहे, रविवारच्या आत काढायची आहे

अभि_पार्ले
मंडळी, लवकर सांगा. सेंच्युरियन रणगाड्याचं 1/35 मापाचं मॉडेल तयार झालं. रंग झाला, डेकल (पाण्याने चिकटवायची नंबरांची-खुणांची चित्रं) लागले, वॉश (खाचांत सोडायचा पातळ गडद रंग) झाला. शेवटचा मॅट कोट (चकाकी घालवणारा पारदर्शक थर) मारला आणि सकाळी बघतो तर अख्ख्या रणगाड्यावर पांढरट साय! हिरवा रंग राखाडी दिसतोय. रविवारी मामांची पंचाहत्तरी आहे, त्यांना द्यायचा आहे. मामा 71 च्या युद्धात सेंच्युरियनवर लोडर (तोफेत गोळे भरणारे) होते, त्यामुळे त्याऐवजी दुसरी काही भेटवस्तू घेण्याचा प्रश्नच येत नाही. पुन्हा रंगवायला वेळ नाही. हे पांढरं कशाने जाईल तेवढं सांगा.

मेघदूत_ठाणे
डेकलखाली हवा अडकली की असंच चंदेरी दिसतं. मॅट रंग खडबडीत असतो, त्यावर थेट डेकल लावलं की खाली हवेचे बुडबुडे राहतात. आधी ग्लॉस (चकचकीत) कोट, मग डेकल, मग मॅट, हाच क्रम. आता सुईच्या टोकाने डेकलला बारीक भोकं पाड, वरून मायक्रो सोल (डेकल मऊ करणारं द्रव) लाव आणि सुकू दे. डेकल खाली बसतं.

सुतारपक्षी
मॅट कोट म्हणजे नक्की काय? स्प्रेचा डबा की एअरब्रश? थिनरमधलं लॅकर की पाण्यातला? कुठे मारला, किती वाजता, तेव्हा पाऊस होता का? एवढं कळल्याशिवाय कोणी काय सांगणार.

अभि_पार्ले
मेघदूत, डेकल नाहीत तिथेही आहे. सगळीकडे आहे. टरेटच्या, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजाच्या, माथ्यावर जास्त, इंजिनवरच्या जाळ्यांच्या खाचांत त्याहून जास्त.
सुतारपक्षी, हार्डवेअरच्या दुकानातला मॅट क्लिअर स्प्रे, लॅकरवाला. बाल्कनीत मारला. रात्री जेवणानंतर. पाऊस होताच, जुलैत कधी नसतो?

सुतारपक्षी
मग कारण समोरच आहे. माझं फर्निचर पॉलिशचं काम आहे, तीस वर्षं हेच करतोय. पावसाळ्यात लॅकर मारलं की पांढरं पडतं. त्यातलं थिनर झपाट्याने उडतं, उडताना पृष्ठभाग गार पडतो, आणि दमट हवेतलं पाणी त्या गार थरावर धरतं. वरचा थर सुकला की ते आतच अडकतं. तुमचा खालचा रंग शाबूत आहे. थोडं एन.सी. थिनर, म्हणजे लॅकर पातळ करायचं, फडक्याला लावून हलक्या हाताने पुसा, थर पुन्हा ओला होतो, पाणी निघून जातं. कपाटांची दारं आम्ही अशीच सोडवतो.

रेणुका_डोंबिवली
थांबा, थांबा! अभि, फडकं आणि एन.सी. थिनर रणगाड्याजवळसुद्धा नेऊ नकोस. कपाट लाकडाचं असतं, किट पॉलिस्टायरिन प्लास्टिकचं आहे. एन.सी. थिनर पॉलिस्टायरिन विरघळवतं. वेल्डच्या रेघा, बारीक बोल्ट सगळं सपाट होईल, आणि खालचा रंग, डेकल, वॉश फडक्याबरोबर निघून येतील. सुतारपक्षींनी कारण अगदी बरोबर सांगितलं, उपाय मात्र या वस्तूला चालणार नाही.
खालचा रंग कोणता आहे? वॉश कसला, ऑइलचा की इनॅमलचा? एअरब्रश आहे का?

सुतारपक्षी
पुसायला नको तर नको, मी हलक्या हाताने म्हटलं होतं. प्लास्टिकचा अनुभव मला नाही, हे मान्य. पण पावसाळ्यात गाड्या रंगवणारेसुद्धा सावकाश उडणारं थिनर, म्हणजे रिटार्डर, घालतातच. तत्त्व तेच.

जुना_खिळा
एवढी रसायनं कशाला? खोबरेल तेल. मऊ कुंचल्याने अगदी पातळ हात फिरवायचा, पांढरं गायब. मी छोट्या सैनिकांवर केलंय, आजही कपाटात उभे आहेत.

रेणुका_डोंबिवली
तेलाने पांढरेपणा दिसेनासा होतो, पण थर तसाच राहतो. तेल सुकत नाही, त्यावर धूळ बसते, आणि पुढे त्यावर काहीच धरत नाही. अभिला अजून एक मॅट कोट मारायचा आहे. सैनिक काचेच्या कपाटात असतात. हा रणगाडा मामा हातात घेऊन फिरवतील.

जुना_खिळा
माझे तर चांगले राहिलेत. खाली रणगाड्याच्या पोटाला लावून बघायला काय हरकत आहे?

अभि_पार्ले
तेल नको वाटतं. खालचा रंग तामिया कंपनीचा ॲक्रिलिक. वॉश इनॅमलचा, सुकून बरेच दिवस झालेत. एअरब्रश माझा नाही, माहीमच्या मित्राकडे कॉम्प्रेसरसकट आहे, आणता येईल. घरी बेडरूममध्ये एसी आहे. हेअर ड्रायर मारून पाणी उडून जाईल का?

मेघदूत_ठाणे
हेअर ड्रायर नको. पॉलिस्टायरिन उकळत्या पाण्याच्या तापमानाला मऊ पडतं आणि पातळ भाग त्याआधीच वाकतात. तोफेच्या नळीचा बाक निघत नाही.

नगरकर
मामा 71 ला सेंच्युरियनवर? कोणती रेजिमेंट? पूना हॉर्स असेल तर बसंतरची लढाई. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याच रेजिमेंटचे, 16 डिसेंबर 1971 ला वयाच्या 21 व्या वर्षी वीरगती. त्यांच्या सेंच्युरियनचं नाव फामागुस्ता. समोर पाकिस्तानचे पॅटन रणगाडे होते. मॉडेलवर नाव घालणार आहात का? आणि रंगाची खात्री करायची असेल तर आमच्या नगरच्या, आता अहिल्यानगरच्या, कॅव्हलरी टँक म्युझियमला जाऊन या. प्रत्यक्ष रणगाड्याला हात लावल्यावर तो ओतीव टरेट किती खरखरीत असतो ते कळतं, मॉडेलवर सगळे गुळगुळीत करून टाकतात.

मेघदूत_ठाणे
पॅटन म्हटलं की 1965 चं असल उत्तर. अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या रिकॉइललेस तोफेने पॅटन फोडले.

नगरकर
दोन्ही युद्धांत समोर पॅटन होते, 65 लाही आणि 71 लाही. आणि पूना हॉर्सचं नाव निघालंच आहे तर ले. कर्नल अर्देशीर तारापोर यांना विसरू नका, 65 ला चविंड्याच्या लढाईत रेजिमेंटचे कमांडिंग ऑफिसर. जन्म मुंबईचा. एका रेजिमेंटला दोन परमवीर चक्रं.

अभि_पार्ले
नगरकर, मनापासून वाचलं. पण रेजिमेंट इथे लिहीत नाही, मामांना आवडणार नाही. दुसऱ्याच्या रणगाड्याचं नाव त्यांच्या रणगाड्यावर मी घालणार नाही. आता पांढऱ्याचं बोला, प्लीज.

वसईवाला
जुनं तामियाचं किट असेल तर ट्रॅक रबरी पट्ट्यांचे असतील. ते प्लास्टिकच्या सिमेंटने कधीच चिकटत नाहीत. टोकाच्या पिना भोकांत घालून मागून तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने दाबायच्या, किंवा सरळ सुईदोऱ्याने शिवायचे. सेंच्युरियनला बाजूच्या पत्र्यांमुळे वरचा भाग झाकला जातो, सांधा तिकडे वर ढकलला की दिसतच नाही. रबरावर रंगही टिकत नाही, वाकवला की पापुद्रे सुटतात.

अभि_पार्ले
ट्रॅकचा प्रश्न नाहीये. ट्रॅक कधीच बसवून झाले.

रेणुका_डोंबिवली
अभि, आता नीट वाच. आधी एक तपासणी. कुंचला साध्या पाण्यात बुडवून टरेटच्या माथ्यावर फिरव. ओलं असेपर्यंत खरा हिरवा दिसला तर पांढरेपणा फक्त वरच्या थरात आहे.
मग ग्लॉस लॅकर, तामियाचं एलपी-9 चालेल, आणि ते पातळ करायला मिस्टर कलरचं लेव्हलिंग थिनर. त्यात रिटार्डर असतो, म्हणजे सुतारपक्षी म्हणतात तेच, पण किटच्या प्लास्टिकला झेपेल असं. एअरब्रशने अगदी धुक्यासारखे हात मार. प्रत्येक हात पृष्ठभाग किंचित ओला करेल इतकाच. खालचा थर पुन्हा मऊ होतो, अडकलेलं पाणी निघतं, पांढरं विरतं. एकदम भिजवलंस तर खालचा इनॅमल वॉश सुरकुततो, हे विसरू नकोस. इंजिनच्या जाळ्यांत घाईघाईने जास्त मारायचा मोह होईल, तिथे आवर.
कॉम्प्रेसरला मॉइश्चर ट्रॅप आहे ना? नसेल तर हवेबरोबर पाणीच फवारलं जाईल. जुलैत ट्रॅप मध्ये मध्ये रिकामा करावा लागतो.
खोली: एसी तासभर चालू, दारं बंद, मॉडेल आणि बाटल्या आतच. नंतर एसी बंद करून मार, म्हणजे वास घरभर फिरणार नाही. मास्क घाल, कागदी नको, गाळणीवाला. देवघर शेजारी असेल तर समई, उदबत्ती विझलेली असू दे. काम झालं की खिडकी पाच मिनिटं उघड, पुन्हा बंद करून एसी.
आणि सगळ्यात आधी हलच्या, म्हणजे रणगाड्याच्या धडाच्या, तळावर करून बघ. तिथेही साय आलीच असेल.

सुतारपक्षी
बाईंनी बरोबर सांगितलं. एक भर घाला: मॅटमध्ये सिलिकाची पूड असते, ती तळाशी बसते. डबा नीट हलवला नाही तर शेवटी सगळी पूड एकदम येते, तीही पांढरी दिसते. खाचांत जास्त आहे म्हणता, त्यात थोडं ते असणार.

अभि_पार्ले
पाण्याची तपासणी केली. ओलं असताना झकास हिरवा, सुकल्यावर पुन्हा साय. मित्राकडून एअरब्रश घेऊन आलो, ट्रॅप आहे. थिनर आणि एलपी-9 त्याच्याकडेच निघाले.
तळावर मारलं. पहिल्या हाताला काही नाही, दुसऱ्याला कडेने उतरायला लागलं, तिसऱ्याला तळ स्वच्छ! ढगाच्या सावलीसारखं सरकत गेलं, डोळ्यांसमोर. टरेटही झाला. नंबरची डेकल शाबूत आहेत. इंजिनच्या जाळ्यांत कोपऱ्यात अजून पांढरं आहे. तिथे आणखी मारू का?

रेणुका_डोंबिवली
नको. ती सुतारपक्षी म्हणतात ती पूड असणार, थिनरने विरघळणार नाही. ग्लॉस पूर्ण सुकू दे, उद्या संध्याकाळपर्यंत हात लावू नकोस. मग जाळ्यांत गडद तपकिरी ऑइलचा बारीक वॉश सोड, खाचांत तो हवाच असतो. वॉशसाठी व्हाइट स्पिरिट वापर, लॅकर थिनर नाही.

अभि_पार्ले
आणि शेवटचा मॅट? तोच डबा वापरू?

रेणुका_डोंबिवली
तो डबा बाजूला ठेव. मित्राकडे तामियाचं एक्सएफ-86, म्हणजे मॅट क्लिअर, असेल तर ते एअरब्रशने, त्याच बंद खोलीत, शनिवारी सकाळी. बाटली तळापर्यंत ढवळ, नुसती हलवून भागत नाही. नसेल तर रविवारी चकचकीतच दे. पावसात भिजलेला रणगाडा तसाच दिसतो आणि मामांनी तो तसा पाहिलेला असणार.

नगरकर
मामांनी टरेटवर काही खुणावलं तर इथे येऊन लिहा. लोडरची झडप कुठे असायची, दारूगोळा कुठल्या बाजूला रचायचे, हे त्यांच्याइतकं नेमकं कोणी सांगणार नाही.

वसईवाला
ट्रॅक शिवला होता की तापवला होता?