नेरिकोमीत निळ्या-पांढऱ्या मातीचे जोड उकलतात

चाकफेरी:
नेरिकोमीने, म्हणजे रंगीत मातीचे थर जोडून त्यांचे काप वापरून, पांढऱ्या स्टोनवेअर मातीतून (जास्त तापमानाला भाजायची माती) निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची ताटली करतेय. १ किलो ओल्या मातीत ४० ग्रॅम कोबाल्ट ऑक्साइडची पूड मळली. निळ्या-पांढऱ्या थरांचा ठोकळा करून त्याचे ६ मिमी जाडीचे काप साच्यावर दाबले. सुकताना नेमक्या जोडांवर चिरा पडतात, शिवाय पांढऱ्यावर निळं पसरतं. उपाय?

मातीमळ:
४० ग्रॅम फारच झालं! त्या किलोत सुकी माती जेमतेम ७८० ग्रॅम, म्हणजे ५ टक्के. हे प्रमाण तयार स्टेनचं (मातीत मिसळायच्या रंगपुडीचं). कोबाल्ट ऑक्साइड अर्धा ते एक टक्का, म्हणजे ४ ते ८ ग्रॅम, पुरे. जास्त झालं की निळं काळपट होतं आणि भट्टीत तो भाग पांढऱ्याआधी मऊ पडतो.
चिरांचं कारण मात्र ओलावा. कोरडी पूड पाणी ओढते, निळी माती घट्ट होते आणि पांढरी तिच्यापेक्षा जास्त आकसते. पूड आधी पाण्यात कालवा, मग मळा. सैल झाली तर प्लास्टरच्या लादीवर पसरा. अंगठा दोन्ही मातींत सारखाच रुतला पाहिजे. मग दोन्ही गोळे एकाच पिशवीत दोन दिवस ठेवा. मळताना हातमोजे घाला.

भट्टीवाला:
सहमत. जोडताना दोन्ही बाजू खरवडून त्याच मातीची पातळ स्लिप (पाण्यात कालवलेली माती) लावा आणि ठोकळा सगळ्या बाजूंनी आपटून दाबा.

मातीमळ:
माती मऊ असेल तर स्लिप नकोच, नुसतं पाणी लावा. जाड स्लिपची रेघ शेवटपर्यंत दिसते.

भट्टीवाला:
तेही खरं, पण घट्ट मातीला लागतेच. काठ आधी सुकतो, म्हणून त्यावर प्लास्टिकची पट्टी ठेवा. आणि स्पंज फिरवू नका, निळं त्यानेच पसरतं. लेदर-हार्ड, म्हणजे अर्धवट सुकून चामड्यासारखी घट्ट, झाल्यावर धातूच्या रिबने (खरवडायच्या पातळ पत्र्याने) पट्ट्यांच्या दिशेने खरवडा, आडवं नाही. उरलेली छटा बिस्कनंतर (पहिल्या भाजणीनंतर) ४०० नंबरच्या वॉटर पेपरने पाण्याखाली घासा. कोरडं घासलं तर सिलिकाची धूळ फुफ्फुसात जाते.

चाकफेरी:
पुढच्या ताटलीत हिरवाही घ्यायचाय. वर कोणतं ग्लेझ (काचेसारखा लेप)?

भट्टीवाला:
पारदर्शक, पातळ थरात. हिरवा स्टेन क्रोमचा असेल तर ग्लेझमध्ये झिंक नको, हिरव्याचा तपकिरी होतो. आधी टेस्ट टाइल भाजा.