मदत हवी आहे: छोट्या नर्सिंग होमने दरडोई रकमेचा ओपीडी करार घ्यावा का? (कोपरखैरणे)

नमस्कार मंडळी,

कोपरखैरण्यात आमचं १२ खाटांचं नर्सिंग होम आहे. बायको एमडी मेडिसिन; हिशेब, स्टाफ आणि टीपीएची (विम्याचे क्लेम हाताळणाऱ्या कंपन्यांची) कागदपत्रं माझ्याकडे. महाप्याच्या एका कंपनीने ऑफर दिली आहे आणि या आठवड्यात उत्तर द्यायचं आहे. विमा, हॉस्पिटल अकाउंट्स किंवा एचआरमधल्या जाणकारांनी कृपया वाचावं.

कर्मचारी आणि त्यांच्या घरचे मिळून साधारण ८०० माणसं. माणशी महिना १५० रुपये, म्हणजे १ लाख २० हजार, दर पाच तारखेला खात्यात. कोणी फिरकलं नाही तरी रक्कम तीच. बदल्यात कन्सल्टिंग, रक्त-लघवी, एक्स-रे, ईसीजी आणि साधी औषधं आम्ही द्यायची, पेशंटकडून काही घ्यायचं नाही. अ‍ॅडमिशनचं बिल मात्र नेहमीप्रमाणे कंपनीच्या ग्रुप विमा पॉलिसीत.

मोह पडण्यासारखंच आहे. विमा नियामक आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार डिस्चार्जची कॅशलेस मंजुरी तीन तासांत यायला हवी, पण विमा कंपनीकडून प्रत्यक्ष पैसे नंतर येतात आणि कापून येतात. ग्लोव्हज, सिरिंज म्हणे ‘नॉन-पेएबल’, म्हणजे पॉलिसीत बसत नाहीत. पगार आणि लॅबची बिलं तोवर थांबत नाहीत.

पण कागद घेऊन बसलो तेव्हा जाणवलं की प्रत्येक पद्धतीत धोका वेगळ्याच्या डोक्यावर असतो. जेवढं काम तेवढं बिल, यात किती माणसं आजारी पडतील आणि प्रत्येकावर किती खर्च होईल, दोन्ही पैसे देणाऱ्याचं. आमची काळजी फक्त वसुलीची. पॅकेजमध्ये, जसं आयुष्मान भारत किंवा महात्मा फुले योजनेत असतं, पेशंट किती येतील ते योजनेचं, पण पेशंट दोन दिवस जास्त राहिला तर ते हॉस्पिटलचं. अमेरिकेत मेडिकेअरने (ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याने) १९८३ पासून आजाराच्या गटानुसार ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली, तिथेही हेच. आणि दरडोई करारात दोन्ही धोके आमच्याच अंगावर येतात.

कंपनी म्हणते, वर्षाला माणशी तीन व्हिजिट. म्हणजे महिन्याला २००. सगळं धरून एका व्हिजिटचा आमचा खर्च ५०० पकडला तर १ लाख, वीस हजार सुटतात. पण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आमच्या वेटिंगमध्ये बसायला जागा नसते. ३५० व्हिजिट झाल्या तर खर्च १ लाख ७५ हजार, म्हणजे ५५ हजारांची पदरमोड. तीही ५०० चा दर टिकला तर! डेंग्यूच्या एका पेशंटला निदानासाठी एनएस-वन टेस्ट, मग प्लेटलेट पडताहेत का बघायला एक दिवसाआड सीबीसी ही रक्ततपासणी, आणि घरातल्या एकाला झाला की दुसऱ्यालाही ताप. साथ आली की सगळे एकदमच येतात, सरासरी तिथे कामाला येत नाही.

बायकोची हरकत वेगळी आहे आणि मला ती जास्त मोलाची वाटते. टेस्ट लिहिताना तिचा पैसा आपल्या खिशातून जाणार हे डोक्यात येता कामा नये, असं ती म्हणते. मधुमेहाच्या पेशंटला तीन महिन्यांनी एचबीए-वन-सी (सरासरी साखरेची टेस्ट) लागतं तर लागतं.

करार साफ नाकारावा का, की काही अटी घालून घेता येईल? आणि ८०० हा आकडा पुरेसा आहे का?

---

सानपाडाकर: विमा कंपनीत प्रायसिंगला आहे. ८०० फार कमी. विमा कंपनीकडे लाखो माणसं असतात, शिवाय नियमाने दीडपट सॉल्व्हन्सी, म्हणजे देणी भागवायची राखीव पुंजी, राखावी लागते. तुमच्याकडे राखीव काय, ओव्हरड्राफ्ट? कॅलिफोर्नियात ९० च्या दशकात डॉक्टरांच्या गटांनी असे करार भराभर घेतले आणि बरेच बुडाले. असे गट चालवणाऱ्या एफपीए मेडिकल मॅनेजमेंट कंपनीने १९९८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. पुढच्याच वर्षी तिथे असे करार घेणाऱ्या गटांच्या आर्थिक स्थितीवर देखरेखीचा कायदा आला.

नाकारायच्या आधी वयानुसार यादी मागा. ‘घरच्यांमध्ये’ आई-वडील धरलेत का? धरले असतील तर तीन व्हिजिट विसरा.

डॉ. ठाणेकर: वडील वागळे इस्टेटला ईएसआयचे (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचे) पॅनल डॉक्टर होते. त्यांनाही नोंदलेल्या कामगारामागे वर्षाला ठरावीक रक्कमच मिळायची आणि दवाखाना व्यवस्थित चालला. कारण तपासायचं आणि साधी औषधं द्यायची, एवढंच त्यांच्याकडे. महागड्या तपासण्या, स्पेशालिस्ट, अ‍ॅडमिशन सगळं ईएसआयच्या रुग्णालयात. तुमच्या हातात जे आहे तेवढंच दरडोई घ्या. कन्सल्टिंग आणि ड्रेसिंग माणशी ठरवा, लॅब आणि एक्स-रे दरपत्रकाने वेगळं बिल करा. वहिनींची अडचणही त्यातच सुटते, टेस्ट लिहिली म्हणून तुमचं नुकसान होणार नाही.

सानपाडाकर: डॉक्टरांशी सहमत. तरीही कंपनी सगळं एकत्रच मागत असेल तर दोन कलमं घालून घ्या. खर्च मिळालेल्या रकमेच्या ११० टक्क्यांवर गेला तर वरचा भाग कंपनीने द्यायचा, आणि ९० च्या खाली राहिला तर उरलेलं तुम्ही परत करायचं. दुसरं, एका माणसावरच्या वर्षाच्या खर्चाला कमाल मर्यादा. आणि हिशेब तिमाहीचा ठेवा. वर्षअखेरीचा ठेवलात तर पावसाळा तुमच्याच पैशांवर काढावा लागेल.

धागाकर्ता: मनापासून आभार. आज एचआरला फोन केला, आई-वडील धरलेले आहेत. वयाची यादी आणि मागच्या दोन वर्षांचे ओपीडी क्लेम मागितले आहेत. लॅब वेगळी काढून माणशी रक्कम कमी करायला ते चर्चेला तयार आहेत. डॉ. ठाणेकर, नुसत्या कन्सल्टिंगसाठी माणशी किती मागावं याचा काही अंदाज द्याल का? फॉलोअप धरूनच सांगा, तापाचा पेशंट तीनदा तरी येतोच.